दोन पाव अर्धा

पायांतील वहाणा काढण्यासाठी मराठी मंडळाच्या ओसरीवरील खांबाला मी हात टेकला होता, एक पाऊल मोकळे झाले होते, आणि तेवढ्यात माझेच एक वाक्य मला ऐकू आले. तीन महिन्यांपूर्वी माझ्या घरी, माझ्या मुलाजवळ मी ते उच्चारले होते. आता ते दाराआडच्या बाकावरून, बेबीताईंच्या तोंडून येत होते. त्यांच्या शेजारी सुखदा बसली होती. आपल्या वैष्णवीसाठी ती गणिताची शिकवणी शोधत होती.

“त्या ज्योतीला नको ठेवू बाई. तिलाच अपूर्णांक येत नाही. गुरुजींसमोर चुकली ना! पाव-अर्ध्याचं साधं गणित, त्यात चुकली. गुरुजी मोठे माणूस, तोंडावर काही म्हटलं नाही. चहा पाजला आणि पाठवून दिलं.”

“अच्छा? पण वेदांगची आई तर तिची तारीफ करून राहिली होती.”

“तिनंही काढून घेतलं वेदांगला. हेमचंद्र गुरुजी काय खोटं बोलतील?”

मी त्या मुलीला चहा पाजला नव्हता. उंबऱ्याच्या अलीकडे एका पायात वहाण घेऊन उभा असताना मला प्रथम आठवले ते हेच, की चहा सुनेने ठेवला होता, आणि तो उकळण्यापूर्वीच मी उठून आतल्या खोलीत निघून गेलो होतो. असत्यालाही लोक किती प्रेमाने वस्त्रालंकार चढवितात! माझ्या ओबडधोबड वाक्याला या गावाने सौजन्य दिले, चहा दिला, क्षमा दिली, आणि तीन महिने घरोघर फिरवून आज ते माझ्यापुढे आणून उभे केले. मी दुसरी वहाण काढली. आत मुले ओळीने मांडी घालून बसली होती. दर रविवारी मी त्यांना स्तोत्रे शिकवितो. त्या दिवशी पहिल्याच चरणाला माझा स्वर फाटला. मुलांनी तो तसाच फाटका उचलून म्हटला, कारण गुरुजी म्हणतील तसे म्हणायचे असते हे त्यांना मीच शिकविले होते.

जबलपुरात आमची घरे मोजकी. पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी कोणी चाकरीनिमित्त आले, कोणी अलीकडे विदर्भातून उपजीविकेसाठी आले, आणि चहूकडच्या हिंदीत आपापल्या स्वयंपाकघरापुरती मराठी जपून राहिले. अशा गावात एखाद्याच्या शब्दाला अकारण वजन चढते. छत्तीस वर्षे मी शाळेत संस्कृत शिकविले. नवजात बालकाचे नाव, मुंजीचा दिवस, दोन भावांतील तंटा, सारे माझ्या बैठकीत येई. “गुरुजी म्हणाले” एवढ्यावर विषय संपत असे. सत्कारात खांद्यावर घातलेली शाल प्रथम टोचते, मग तिची ऊब लागते, आणि पुढे शालीवाचून थंडी वाजते. तसे माझे झाले होते. गुरुगृह सोडून जाणाऱ्या शिष्याला ज्या आज्ञा देतात त्यांतील पहिली सत्याविषयी आहे. ती मी शेकडो मुलांना अर्थासह समजावून सांगितली. आणि एका तिसऱ्या प्रहरी, सत्तावीस वर्षांच्या एका मुलीविषयी, काहीही कारण नसताना—नाही, कारण होते. कारण होते म्हणूनच लाज वाटते.

ऋचा माझी नात, यंदा सातवीत. माझा मुलगा श्रीकांत आणि सून विनता दोघेही नोकरीवर जाणारे, म्हणून ती पाच वर्षांची असल्यापासून तिच्या अभ्यासाचा आरंभ मी माझ्याकडे घेतला. सकाळी अंगणातील उन्हात आम्ही दोघे पाढे म्हणत असू. माझ्या बालपणी जसे म्हटले तसेच: आधी अंकांचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. पाव, अर्धा, पाऊण यांचे हे पाढे आज शाळांत कोणी घेत नाही. ऋचाच्या मुखी ते आले तेव्हा मंडळाच्या संमेलनात मी तिला व्यासपीठावर उभे करून म्हणायला लावले होते, आणि लोकांनी टाळ्या माझ्याकडे पाहून वाजविल्या होत्या. सहामाहीत तिला गणितात चाळीसपैकी अकरा गुण मिळाले. श्रीकांत गुणपत्रिका घडी करीत म्हणाला, “अण्णा, कोचिंगमध्ये नाही घालायचं. घरी कोणी चांगलं शिकवणारं पाहू. तुम्हीच बघा. माणूस तुम्हाला कळतो.” त्या अकरांतले माझे किती, हे त्याने विचारले नाही. मीही विचारले नाही.

ज्योतीचे नाव विनताने आणले. विनताच्या सिविल लाइंसमधील कार्यालयातील कोणाचा मुलगा तिच्याकडे शिकून सावरला होता. ती आली तेव्हा मी शिक्षक पारखायला बसलो होतो, आणि पारखायचे कसे तर आमच्या घराण्याच्या रीतीने: मूळ गाव कोणते, वडील काय करतात, बोलणे कसे आहे. वडिलांचे नाव अंबादास; ओमतीच्या एका गल्लीत शिवणयंत्रे दुरुस्त करतात; मूळचे विदर्भातले. मुलगी गणितात एम.एस्सी. झालेली. ती “शिकवून राहिली” म्हणे, “का”ऐवजी “काहून” म्हणे, आणि प्रत्येक वेळी मी तिचे वाक्य मनातल्या मनात शुद्ध करून घेत होतो. तिचे गणित कसे आहे, हे विचारायचे मला सुचलेच नाही. तिने मात्र चटईवर ऋचाशेजारी बसून विचारले, “अर्ध्याला पावानं भाग बरं.”

ऋचाने वहीत उलटापालट केली. “दोन.”

“शाब्बास. काहून दोन? भागल्यावर तर कमी होते ना? हे वाढलं कसं?”

ऋचाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “दुसरा अपूर्णांक उलटवून गुणावे, असा नियम आहे.”

“हो जी, नियम आहे. पण काहून उलटवायचा?”

मला आजही त्या प्रश्नात उद्धटपणा सापडत नाही, आणि मी तो पुष्कळ शोधला आहे. तिचे डोळे स्वच्छ होते. दोन शिक्षक एका मुलापाशी बसले असता जसे बोलतील तसे ती बोलत होती. मीच गप्प झालो. अंगणातील उन्हाचा पट्टा चटईच्या काठापर्यंत आला होता. त्यात धुळीचे कण वर चढत होते. मी ते पाहत राहिलो. सत्तर वर्षांपूर्वी शिकलेला तो नियम माझ्या जिभेवर होता, आणि जिभेच्या मागे काही नव्हते. मग ज्योती ऋचाकडे वळून म्हणाली, “चलो, दूधवाल्या भैयाजवळ अर्धा लिटर दूध आहे. माप आहे पाव लिटरचं. किती मापं निघतील?” ऋचाने डोळे मिटले. ओठ हलले. “दो! दो बार! अरे, म्हणून दोन!” आणि ती हसली. पाण्यात खडा पडावा तसे ते हसू तिच्या चेहऱ्यावर पसरले. सात वर्षे अंगणातल्या उन्हात मी तिच्याकडून पाढे मिळविले होते, ते हसू मला कधी मिळाले नव्हते. ज्योती माझ्याकडे वळून काही बोलू लागली, “गुरुजी, हे तर—”. मी उठलो आणि आत गेलो.

सायंकाळी श्रीकांतने विचारले, “कशी वाटली?” मी म्हणालो, “मुलगी चुकली. अपूर्णांकात चुकली.” तो म्हणाला, “अच्छा? मग राहू द्या.” एवढेच. कोणते उदाहरण, कशी चूक, काही विचारणे नाही. वडील खोटे बोलतात ही शक्यता त्याच्या आयुष्यात कधी आलीच नव्हती. खोलीच्या कोपऱ्यात ऋचा जमिनीवर पट्टी, कोनमापक, कर्कटक आवरीत बसली होती. तिने कंपासपेटीचे झाकण लावले. टप्‌ असा आवाज झाला. मी तिकडे पाहिले नाही.

मग ऋचाला शिकवायला अंबरीश आले. जुन्या घराण्यातले, निवृत्त, मृदुभाषी. त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि “अध्यापन हे व्रत आहे” असे म्हणाले; माझी परीक्षा तेथेच संपली. मनुष्य खरोखर सज्जन आहे. ते ऋचाच्या वहीत मोत्यांसारख्या अक्षरांत उदाहरणे सोडवून देतात आणि ऋचा ती उतरविते. डिसेंबरच्या चाचणीत तिला वीसपैकी चार गुण मिळाले. ती हल्ली “समजलं का?” या प्रश्नाला लगेच “हो” म्हणते.

ओसरीवरील त्या रविवारनंतर माझे दिवस कसे गेले हे मला क्रमाने सांगता येत नाही. सोमवारी मी ओमतीला जाण्यासाठी ई-रिक्षात बसलो आणि पोलीस ठाण्याच्या चौकात उतरून परत फिरलो. मंगळवारी पूजेस बसलो असता एक फूल देवावर वाहण्याऐवजी हातात धरूनच राहिलो, आणि विनताने दोनदा हाक मारली. मला राहून राहून माझे गुरुजी आठवू लागले, ज्यांच्या पाठशाळेत मी आठव्या वर्षी गेलो. मी एकदा त्यांना एका चरणाचा अर्थ विचारला होता. ते म्हणाले होते, “आधी जिभेवर बसू दे. अर्थ त्याच्या पायांनी येईल.” मी त्या आज्ञेवर विसंबून वाट पाहिली. पुष्कळांचे अर्थ आले. काहींचे आले नाहीत. आणि न आलेल्यांची वाट पाहणे मी केव्हा सोडून दिले, ते माझे मलाच कळले नाही. मात्र या वेळी त्या वाक्यामागून दुसरे एक स्मरण आले, जे मी इतकी वर्षे बाजूस ठेवले होते. काशीहून एक विद्वान आले होते. त्यांच्यासमोर पाठ म्हणता म्हणता गुरुजी मध्येच थांबले. पाठशाळेत पाखरांचा आवाज तेवढा राहिला. मग गुरुजी शांतपणे म्हणाले, “मला आठवत नाही. हेमचंद्रा, तू म्हण.” मी दहा वर्षांचा होतो. मी म्हटले. त्यांनी मान लववून पुढचा चरण माझ्याकडून घेतला, जसा मी रोज त्यांच्याकडून घेत असे. सारे आयुष्य मी त्यांचा पाठ सांगितला, त्यांचा दरारा सांगितला. हे कोणाला सांगितले नाही.

बुधवारी दुपारी ऋचा शाळेतून आली तेव्हा मी तिला जवळ बसविले आणि विचारले, “ज्योतीताईविषयी मी तुझ्या बाबांना जे सांगितले, ते तू ऐकले होतेस?”

“हो.”

“ते खरे नव्हते, हे तुला ठाऊक होते?”

ती बुटांच्या नाडीची गाठ सोडीत राहिली. “हो. दीदीचं तर बरोबर होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हीच तर म्हणता आजोबा, मोठे बोलून राहिले तर मध्ये नाही बोलायचं.” मग, माझी समजूत घालावी तशा स्वरात, “चलता है आजोबा. माझ्या फ्रेंडचे पापा पण खोटं बोलतात.”

तिने मला क्षमा केली नव्हती. तिने मला इतरांत बसविले होते. तीन महिने हे मूल माझ्यासमोर मांडी घालून, हात जोडून स्तोत्रे म्हणत होते, आणि माझ्याविषयी त्याला सारे ठाऊक होते. मी उठलो आणि त्याच पावली ओमतीला गेलो.

गल्लीच्या तोंडाशी अंबादास एका यंत्राच्या पोटात तेलाची कुपी धरून बसले होते. मला पाहून ते लगबगीने उठले, हात पुसू लागले, “या जी, गुरुजी, या! ज्योती, कोण आलं पाह्य!” ज्याच्या मुलीचे नाव मी मातीत घातले तो मनुष्य माझ्यासाठी खुर्चीवरील कापड झटकीत होता. वरच्या खोलीत ज्योती दोन मुलांना शिकवीत होती. पूर्वी सात होती, असे अंबादास जिना दाखविताना सहज बोलून गेले. मुलांचे काही सांगता येत नाही जी, म्हणाले. ज्योतीने मुलांना उदाहरण दिले आणि ती दाराशी आली.

“गुरुजी, तुम्ही काहून आले इथवर? फोन करून बोलावून घेतलं असतं ना.”

मी उभ्या उभ्या सांगितले. काही न वगळता सांगितले. मी काय बोललो, का बोललो, उत्तर मला येत नव्हते, हेही. तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला. मुले फळ्यावर खडूने काही लिहीत होती, तो आवाज येत होता.

“मला वाटलंच होतं,” ती म्हणाली, “एकामागून एक मुलं सुटली, कोणी कारण नाही सांगितलं. मी घरी बसून माझंच उदाहरण दहादा करून पाहिलं. अर्धा भागिले पाव. म्हटलं, माझंच तर काही चुकून नाही राहिलं?” ती हसण्याचा यत्न करीत होती. “त्या दिवशी तुम्ही उठून गेले ना, तेव्हा मी एक सांगणार होते. ऋचानं मला आल्याआल्या पावकी म्हणून दाखवली होती. दोन पाव अर्धा. म्हणजे अर्ध्यात पाव किती? दोन. मी तिला म्हणणार होते, हे तर तुला आजोबांनी आधीच शिकवून ठेवलं आहे.”

दोन पाव अर्धा. सत्तर वर्षे, उन्हात, थंडीत, प्रवासात, आजारात मी ते म्हटले होते. उत्तर माझ्या मुखात होते आणि मी तोंड उघडून गप्प बसलो होतो. त्याहून दारुण हे, की ती मला माझा मान परत देण्यासाठी तोंड उघडीत होती, आणि मी उठलो होतो.

“ज्योती, मला क्षमा कर,” मी म्हणालो.

“मला सांगून काय होते गुरुजी? मी नाही चुकले, हे मला तर माहीतच होतं.” तिने ओढणीच्या टोकाने बोटांवरचा खडू पुसला. “जिथं बोलले तिथं बोला. आणि ऋचाला पाठवा. इथं पाठवा. तुमच्या घरी मी नाही येणार.”

त्या सायंकाळी मी घरी सांगितले, आणि मंडळातही सांगेन म्हणालो. श्रीकांत माझ्याकडे न पाहता म्हणाला, “अण्णा, जाऊ द्या ना. आता मंडळात कशाला? लोक काय म्हणतील?” विनता एवढेच म्हणाली, “तिला ‘नको’ म्हणून फोन मी केला होता अण्णा. तिनं कारण नाही विचारलं. म्हणाली, ऋचाला आशीर्वाद सांगा.” मग ती उठून ऋचाची वही चाळू लागली. पुष्कळ वेळ ती त्या मोत्यांसारख्या अक्षरांकडे पाहत होती.

रविवारी मी स्तोत्र अर्ध्यावर थांबविले आणि ओसरीवरील पालकांना आत बोलाविले. बेबीताई आल्या, सुखदा आली, वेदांगची आई मुलाची टोपी हातात घेऊन दाराशी उभी राहिली. मी आसनावरून उठून उभा राहिलो. वाक्य मी चार दिवस घडविले होते. त्यातले सर्व समास गळून गेले. मी म्हणालो, “ज्योती गणितात चुकली असे मी सांगितले. ते खोटे होते. ती चुकली नव्हती. तिने मला प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मला आले नाही. मला लाज वाटली, म्हणून मी तिच्यावर आळ घेतला.”

मग बेबीताईंनी डोळ्यांना पदर लावला.

“पाहा! याला म्हणतात मोठेपणा. त्या पोरीचं नुकसान होऊन राहिलं म्हणून गुरुजींनी सगळं आपल्यावर ओढून घेतलं!”

“नाही बेबीताई. मी खोटे बोललो.”

“तुम्ही आणि खोटं! राहू द्या जी. आम्ही काय आज ओळखतो तुम्हाला? तिला येत नाही ते नाहीच, पण आता तुम्ही म्हणता तर आम्ही काही बोलणार नाही.”

सुखदाने मला हात जोडले. मागून कोणीतरी “क्या बात है गुरुजी” म्हणाले. मी पुन्हा बोललो, अधिक स्पष्ट, जवळजवळ ओरडून, आणि प्रत्येक शब्दागणिक त्यांच्या चेहऱ्यांवर भक्ती चढत गेली. एक शाल माझ्या अंगावर चढत होती, आणि ती मला फेडता येत नव्हती. माझे असत्य या लोकांनी एका वाक्यात मान्य केले होते. सत्यासाठी माझा शब्द त्यांना पुरत नव्हता. आणि शब्दाखेरीज माझ्यापाशी होते काय?

तिसऱ्या ओळीत ऋचा बसली होती. स्तोत्रवर्गानंतर तिला ओमतीला जायचे होते, म्हणून तिच्या मांडीवर कंपासपेटी होती. तिचे बोट झाकणाच्या कडेवर फिरत होते. मला पाठशाळेतील ती शांतता आठवली, ती पाखरे. एका मुलाच्या मुखाने आपली लाज जगासमोर ठेवावी, याचा मला अधिकार होता की नाही, मला ठाऊक नाही. पण तिचे मौन मी बांधलेले होते, आणि ते मीच सोडायला हवे होते.

“ऋचा,” मी म्हणालो, “तू तेथे होतीस. मोठे बोलत आहेत. तू मध्ये बोल.”

तिने माझ्याकडे पाहिले, खरेच का, असे. मी मान लवविली. ती उठली. कंपासपेटी तिने छातीशी धरली होती.

“बेबीआजी, आजोबा खरं बोलून राहिले. दीदी नाही चुकली. आजोबांनाच नव्हतं येत.”

बेबीताईंचा पदर डोळ्यांपासून खाली आला. मागे एक लहान मुलगा फिसकन हसला आणि त्याला कोणी दटावले नाही. वेदांगच्या आईने प्रथम ऋचाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेतील पूज्यभाव विरत जाताना मी स्पष्ट पाहिला. माझे दोन्ही खांदे एकदम गार पडले. ऋचा अजून उभीच होती, मी नेहमीप्रमाणे काही दुरुस्ती सांगेन म्हणून थांबलेली. सवयीने मी तिचे वाक्य मनात पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तपासले. त्यात सुधारण्याजोगे काही नव्हते.